पडसाद किती ठेवायचा

'पडसाद' हा शब्द आता बहुतेक वर्तमानपत्रातच भेटतो. निर्णयाचे पडसाद उमटतात, वक्तव्याचे उमटतात, अधिवेशनात तर ते तीव्रच उमटतात. तो इतका वाचून झाला आहे की त्यात मुळात आवाज होता, हे ध्यानातही येत नाही. मला या शब्दाचं फार वाटतं, कारण आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे त्याचं खरं काम अजून चालू आहे. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत, मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकात पडसाद कमी-जास्त करणारी माणसं बसलेली असतात. ती त्याला 'एको' म्हणतात, एवढंच.

आधी शब्दाची फोड करू. संस्कृत 'शब्द', प्राकृत 'सद्द', मराठी 'साद'. इथवर सरळ आहे. 'पड'चा संबंध मात्र पडण्याशी लावायचा मोह होतो. आवाज कुठं तरी जाऊन पडला आणि तिथून उठला, असं चित्रही लगेच डोळ्यापुढं येतं. पण हा 'पड' म्हणजे 'प्रति'. प्राकृतात प्रतीचं 'पडि' होतं, आणि हेमचंद्रानं बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात त्याचा नियमच घालून दिला आहे. त्याच वाटेनं प्रतिपदेचा पाडवा झाला, प्रतिच्छायेची पडछाया झाली, घशातल्या प्रतिजिह्वेची पडजीभ झाली. नाटकाचा पडदा तेवढा या घरातला नाही, तो फारसीतून आला. तेव्हा पडसाद म्हणजे सादेला उलट आलेली साद. साद आधी, पडसाद मागून, हा क्रम शब्दातच बसलेला आहे. 'प्रतिध्वनी'तही तो आहे, पण प्रतिध्वनी आपण शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात शिकतो. पडसाद डोंगरापाशी उभं राहून ओरडलेल्या माणसाचा शब्द आहे.

आता तो कुठं वाजतो ते पाहू. विदर्भात वरातीपुढं जे ताफे चालतात त्यांना कुठं धुमाल म्हणतात, कुठं संदल. 'संदल' हे नाव बरंच फिरून आलं आहे. संस्कृतातलं चंदन इराणात 'चंदल' झालं, अरबीत 'संदल' झालं आणि उर्दूच्या बोटाला धरून पुन्हा इकडं आलं. उरुसात दर्ग्यावर चंदनाचा लेप वाहायला नेतात ती मिरवणूक म्हणजे संदल. तिच्यापुढं वाजणाऱ्या ताफ्यालाही मग तेच नाव मिळालं, आणि आता देवीच्या विसर्जनालाही संदल सांगतात. चंदनाचा वास त्यात उरलेला नाही, ढोलाचा ठोका तेवढा आहे.

या ताफ्याच्या गाडीवर गाण्याची चाल वाजवतो तो बेंजो. त्याची गोष्ट संदलपेक्षाही लांबची. हे वाद्य जपानी. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ते घडवलं आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या तैशो राजवटीवरून त्याला 'तैशोगोतो' म्हटलं. गोतो म्हणजे कोतो, त्यांचं जुनं तंतुवाद्य. टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि दुसऱ्या हातानं तारा छेडायच्या. हिंदुस्थानात ते आलं तेव्हा त्याला 'बुलबुलतरंग' असं गोड नाव मिळालं, पण लोकांच्या तोंडी बसलं ते अमेरिकेतल्या भलत्याच वाद्याचं नाव, बेंजो. जपानात जन्म, अमेरिकेचं नाव, आणि पोट चालवतो चंद्रपुरात.

बेंजोची तार छेडली की सूर चटकन विझतो. दोन-तीन माणसांच्या अंतरावर ढोल आणि ताशा धडधडत असताना असा सूर टिकत नाही. म्हणून वादक बेंजोला तारांचा कंप पकडणारा पिकअप बसवतात आणि वायर एका छोट्या डिजिटल पेटीत घालतात. ही पेटी गिटारसाठी बनवलेली असते. गिटार या नावात आपल्याला ओळखीची 'तार' ऐकू येते, पण ती तिथं नाही. सितारमध्ये ती आहे, फारसी 'सेह तार', म्हणजे तीन तारा. गिटार ग्रीकांच्या 'किथारा'वरून, अरबीमार्गे स्पेनमध्ये पोचलेली. तर या गिटारच्या पेटीत बरंच काही असतं, पण संदलवाल्याला त्यातलं लागतं ते मुख्यतः डिले. पडसाद किती वेळानं यायचा ते 'टाइम' ठरवतं, मिलिसेकंदांत. किती वेळा यायचा ते 'फीडबॅक'. आणि मूळ सुराच्या मानानं तो किती मोठा, ते 'मिक्स' किंवा 'लेव्हल'.

डिलेला मराठीत उशीर म्हणावं का? माझ्या मते नाही, आणि कारण त्या शब्दाच्या जन्मातच आहे. उशीर आला 'उत्सूर'वरून. यातला सूर गाण्याचा नाही, तो सूर्य आहे. सूर्य वर आला आणि तरी काम झालं नाही, तो उशीर. पालीत 'उस्सूरसेय्या' असा शब्द आहे, म्हणजे उन्हं वर येईपर्यंत झोपणं, आणि तो दोषांच्या यादीत येतो. उशिरात ठपका आहे. 'विलंब'चं तसं नाही. 'लम्ब्' म्हणजे लोंबणं, लटकणं; विलंब म्हणजे खाली लटकत राहिलेली गोष्ट. गवंडी भिंतीला लावतो तो ओळंबाही याच धातूचा, 'अवलंब'वरून. भिंत सरळ आहे की नाही ते लटकलेल्या वजनावरून कळतं, तसा ख्यालातला विलंबितही लटकण्याचंच काम करतो आणि तिथं तो गुण मानतात. सूर मुद्दाम लटकवून ठेवणं हेच डिलेचं काम असल्यामुळं त्याला विलंब म्हटलं तर काही बिघडत नाही. पण जे परत येतं त्याला मात्र पडसादच म्हणायला हवं.

मिक्सला प्रतिशब्द शोधायची गरजच नाही, ते सख्ख्या नात्यातलं आहे. संस्कृत 'मिश्र' आणि लॅटिन 'मिक्स्तुस' एकाच मुळाचे. मिश्रचं प्राकृतात 'मिस्स' झालं आणि त्यातून आपलं मिसळणं निघालं. फरक पडतो तो मिसळण्याच्या रीतीत, आणि तो नीट कळला नाही तर रात्रभर वाजवूनही सूर पोचत नाही.

काही पेट्यांत मिक्स शून्यावर असलं की फक्त मूळ सूर येतो, आणि शंभरावर असलं की फक्त पडसाद. बटण फिरवत गेलं की एक चढतो आणि त्याच वेळी दुसरा उतरतो. पन्नासावर दोन्ही सारखे. सरळ हिशेबानं चालणाऱ्या पेटीत तिथं मूळ सूर निम्म्यावर आलेला असतो, म्हणजे सुमारे ६ डेसिबल खाली. वादकाला वाटतं की आपण पडसाद वाढवला. गर्दीतल्या माणसाला वाटतं की बेंजो मागं गेला. दोघांचंही बरोबर असतं. दुसऱ्या प्रकारच्या पेट्यांत मूळ सुराला धक्का लागत नाही. तो पूर्ण राहतो आणि बटण फक्त पडसादाची भर घालतं. अशा बटणावर बहुधा 'लेव्हल' लिहिलेलं असतं. लेव्हल हा शब्द लॅटिन 'लिबेल्ला'वरून आला, आणि लिबेल्ला म्हणजे लहानसा तराजू. पुढं तो जमिनीची पातळी पाहण्याच्या साधनाला लागला. आपल्या गवंड्यांचा त्यासाठीचा शब्द आहे पाणसळ, आणि तो किती नेमका आहे पाहा. पण खरा तराजू चालतो तो मिक्सच्या बटणात, एक पारडं वर गेलं की दुसरं खाली. तराजूचं नाव मात्र लेव्हलच्या बटणाला मिळालं. हे कळलेला वादक नवी पेटी हातात आली की आधी बटण पूर्ण वर नेऊन पाहतो: मूळ सूर ऐकू येतो की नाहीसा होतो. दोन क्षणांत उत्तर मिळतं.

तिसरीही एक रीत आहे. पेटी थेट वायरीत न ठेवता मिक्सरच्या बाजूच्या वाटेवर लावली, म्हणजे मूळ सूर आपल्या वाटेनं जातोच आहे आणि पेटीतून फक्त पडसाद हवा आहे, तर तिथलं मिक्स शंभरावरच ठेवायचं. नाही तर मूळ सूर दोन वाटांनी पोचतो आणि कमी-जास्त करायला हातात काही राहत नाही.

पेटीत डिलेच्या शेजारी 'रिव्हर्ब' नावाचं आणखी एक बटण असतं. दोन्हीला सरसकट एको म्हणायची रीत आहे. पण मराठी कानानं हे दोन प्रकार केव्हाच वेगळे केलेले आहेत. एकाला पडसाद म्हणायचं, दुसऱ्याला घुमणं. चंद्रपूरच्या जटपुरा गेटाच्या दगडी कमानीखालून ताशा जातो तेव्हा त्याचे पडसाद येत नाहीत, तो घुमतो. अंतर इतकं कमी असतं की परत आलेले आवाज एकमेकांत मिसळून जातात, वेगळे मोजता येत नाहीत. हेल्मुट हास या जर्मन अभ्यासकानं १९४९ च्या सुमारास यावर काम केलं: तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत मागून आलेला आवाज कान वेगळा धरतच नाही, पहिल्यातच जमा करतो. अंतर त्याच्या बरंच पुढं गेलं, सेकंदाच्या दहाव्या भागाशी आलं, की कान म्हणतो, हा दुसरा. तिथं घुमणं संपतं आणि पडसाद सुरू होतो.

'घुमणे'चा मूळ अर्थ आवाजाचा नाहीच. संस्कृत 'घूर्ण्' म्हणजे गरगर फिरणं. हेमचंद्र त्याला 'घुम्म' हे प्राकृत रूप देतो. अंगात आलेली बाई घुमते ती याच अर्थानं, डोकं गरगर फिरवत. आवाज घुमतो तेव्हा तोही चार भिंतींत गरगर फिरत असतो. घुमट मात्र फारसी 'गुंबद'वरून आला, आणि मराठीत आल्यावर त्याला 'घुमणे'च्या शेजारी इतकं नैसर्गिक वाटलं की त्याचा 'ग' जाऊन 'घ' झाला. आवाज फिरवणारं छत, त्याला दुसरं नाव काय शोभलं असतं?

घुमणं आणि पडसाद यांतला हा भेद संस्कृत काव्यशास्त्रात फार पूर्वी, फार बारकाईनं केलेला आहे, आणि तोही घंटेच्या दाखल्यानं. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोक' लिहिला. त्याचं म्हणणं असं की कवितेत शब्दाच्या सरळ अर्थामागून एक सूचित अर्थ येतो. कधी हा दुसरा अर्थ इतका लगेच येतो की मधला क्रम जाणवत नाही, तो 'असंलक्ष्यक्रम'. रस हा त्यातला. कधी तो थोडा मागं राहून येतो, घंटेच्या ठोक्यामागून अनुरणन यावं तसा, आणि आधी काय, नंतर काय हे कळतं, तो 'संलक्ष्यक्रम'. मराठी एम. ए. करणाऱ्या पिढ्यांनी हे दोन शब्द परीक्षेपुरते पाठ केले. पेटीची दोन बटणं फिरवून पाहिली असती तर ते कानात राहिले असते. रिव्हर्ब असंलक्ष्यक्रम, डिले संलक्ष्यक्रम. आनंदवर्धन कवितेबद्दल बोलत होता हे खरं, पण त्यानं कानाच्या ज्या अनुभवावर बोट ठेवलं तो तोच आहे.

गावाबाहेरची गोष्ट आणखी वेगळी. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भात, मंडया भरतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि त्यांच्या निमित्तानं नाटकं लागतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचं ठाणं. दंडार आणि खडी गंमत या लोकप्रकारांच्या मातीतून उगवलेली ही रंगभूमी. तिच्यातले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं, बहुतेक वेळा धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत. बांधी सपाट, वर आभाळ, भोवती कापडाची कनात. आवाजाला परत यायला जागाच नाही. तोंडातून निघालेला शब्द पुढं जातो तो जातोच. अशा आवाजाला आपण 'कोरडा' म्हणतो, आणि गंमत अशी की इंग्रजीत काम करणारे ध्वनितंत्रज्ञही पडसाद नसलेल्या आवाजाला 'ड्राय' आणि पडसाद मिसळलेल्याला 'वेट' म्हणतात. कोरडा आणि ओला. ओला हा शब्द 'आर्द्र'वरून आला, प्राकृतात 'ओल्ल' होऊन. त्याच आर्द्राचं दुसरं रूप 'अल्ल', आणि त्यातून स्वयंपाकघरातलं आलं. सुंठ होण्याआधीचं, ओलं असलेलं.

तर बांधीत आवाज ओला करायचा म्हणजे जो कडा तिथं नाही तो पेटीनं उभा करायचा. हिवाळ्याच्या रात्री १२ अंश तापमानात आवाज सेकंदाला साधारण ३३९ मीटर जातो. पेटीवर ३७५ मिलिसेकंद लावले तर तेवढ्या वेळात आवाज सुमारे १२७ मीटर जाऊन येईल. म्हणजे तुम्ही प्रेक्षकांपुढं ६४ मीटरवर एक डोंगर आणून ठेवला. चंद्रपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, तोच आवाज सेकंदाला जवळजवळ ३५८ मीटर धावतो, आणि तोच आकडा लावला तरी डोंगर तीन-चार मीटर मागं सरकतो.

डोंगर फार जवळचा किंवा फार मोठा झाला की तक्रार लगेच येते. रंगमंचापुढं बसलेला एखादा म्हातारा साऊंडवाल्याकडं वळून म्हणतो, "एको कमी कर ना गा, डायलॉग समजून नाही रायले." आणि शहाणा साऊंडवाला वाद घालत नाही. "गाण्याले ठेवतो, डायलॉगले बंद करतो," म्हणतो आणि करतो. या दोन वाक्यांत मिक्सचा सगळा विचार आहे. संवादात एकेक अक्षर वेगळं कळावं लागतं. मागच्या शब्दाचा पडसाद पुढच्या शब्दावर बसला की दोन्ही जातात. त्यात भर म्हणून मैदानात लांब दोन खांबांवर भोंगे लावलेले असतील तर तिथं विनापेटीचा पडसाद आधीच तयार असतो. १०० मीटरच्या फरकानं आलेला आवाज जवळजवळ तीन दशांश सेकंद मागं असतो. मागच्या रांगेतला माणूस प्रत्येक वाक्य दोनदा ऐकतो. त्याच्यावर पेटीचं तिसरं वाक्य लादू नये. गाण्यात मात्र सूर लांबतात, शब्दांत जागा असते, त्या जागेत पडसाद सुखानं राहतो.

ही जागा शोधायला मराठीजवळ एक असं साधन आहे की ते वापरलं जात नाही याची मला हळहळ वाटते. गिटारवाल्यांमध्ये डिलेची एक मांडणी फार आवडती आहे. इंग्रजीत तिला 'डॉटेड एट्थ' असं नाव, म्हणजे टिंब दिलेला आठवा भाग. ऐकणाऱ्याला काहीच उमजत नाही. मात्रेच्या हिशेबात सांगायचं तर ती पाऊण मात्रा. 'पाद' म्हणजे पाव, 'ऊन' म्हणजे कमी. पादोन, त्याचं पाऊण. एका पावानं कमी असलेली मात्रा. अपूर्णांकांचे इतके सुटसुटीत शब्द आपल्याकडं पडून आहेत: 'सपाद'चा सव्वा, 'द्व्यर्ध'चा दीड, म्हणजे दुसरा अर्धा; 'अर्धतृतीय'चा अडीच, म्हणजे तिसरा अर्धा. तबलजी सव्वापट, दीडपट, पाऊणपट हे रोज बोलतात. बेंजोवाल्याला पेटीचं पुस्तक समजावून देताना तेच शब्द वापरले तर त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

हिशेब असा. मिनिटाला १२० मात्रांच्या ठेक्यात एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, पाऊण मात्रा ३७५. ठेका चढून १४० वर गेला की मात्रा ४२९ आणि पाऊण ३२१. जुना आकडा तसाच ठेवला तर पडसाद ठेक्याबाहेर पडू लागतो आणि मग वादक मिक्स खाली ओढतो, खरा दोष टाइमचा असताना. बऱ्याच पेट्यांत पायानं ठोका देऊन वेळ बसवायची सोय असते. वरात हनुमान मंदिरापाशी थांबली आणि नाचणाऱ्यांनी ठेका चढवायला लावला, की दोन-तीन ठोके द्यायचे आणि पाऊण मात्रा पुन्हा जागेवर येते.

आणि पडसाद किती ठेवायचा, हे त्यावरूनच ठरतं. पूर्ण मात्रेवर लावलेला पडसाद वादकाच्या पुढच्या सुरावरच येऊन पडतो. तिथं मिक्स वीसच्या पुढं गेलं तर चाल गढूळ होते. पाऊण मात्रेवर लावला तर तो दोन सुरांच्या मधल्या रिकाम्या जागेत उतरतो, कोणाला झाकत नाही. तिथं तो तीस-पस्तीसपर्यंत नेला तरी चाल स्वच्छ ऐकू येते, आणि एक बेंजो वाजत असताना दोन वाजत असल्यासारखं वाटतं. हे आकडे मी चंद्रपूरच्या रस्त्यावर आणि बांधीत ऐकून धरलेले आहेत. पेटीगणिक ते थोडे हलतील, आणि ज्या पेटीत बटण तराजूसारखं चालत नाही तिथं ते थोडे वरही जातील.